अकराव्या वर्षी मिळालेली सायकल

मध्य प्रदेशात सरकारी शाळेच्या सहावीत किंवा नववीत दाखल झालेल्या खेड्यातल्या मुलामुलींना, पुढची शाळा गावात नसेल आणि दोन किलोमीटरपेक्षा लांब असेल, तर सरकार सायकल देतं. सहावीला १८ इंची, नववीला २० इंची. योजनेची सुरुवात मुलींपासून झाली, मुलगे नंतर आले. बालाघाट जिल्ह्यात या सायकलीचं मोल जरा जास्तच आहे. २०११ च्या जनगणनेत इथे दर हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया होत्या, राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्यापेक्षा जास्त. वैनगंगेच्या खोऱ्यातली धानाची शेती बायकांच्या हातांवर उभी आहे. रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकलेल्या रांगा बहुतेक त्यांच्याच. या घरांतली मुलगी पुढे शिकणार की नाही, हे बऱ्याचदा एकाच प्रश्नावर ठरतं: शाळेत जाणार कशी?

या प्रश्नाला सायकल हे उत्तर किती चांगलं आहे, ते बिहारने दाखवलं. तिथे २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्या योजनेचा अभ्यास केला. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं होतं आणि मुलगे-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली होती. शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत परिणाम सर्वांत ठळक होता. वैनगंगेपलीकडे महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या सरकारांना सायकलीची ताकद कळली आहे. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत ग्रामीण भारताच्या वाहतुकीत झालेलं हे सर्वांत चांगलं काम आहे, आणि ते वाहतूक खात्याने नव्हे, शिक्षण खात्याने केलं आहे.

नेमका तिथेच पेच आहे. शिक्षण खात्याची हद्द शाळेच्या फाटकाशी संपते. मुलगी नवी सायकल घेऊन बाहेर पडते आणि वारासिवनीच्या नाहीतर गोंदियाच्या रस्त्याला लागते. त्या रस्त्यावर भरवेलीच्या खाणीतलं मँगनीज वाहणारे ट्रक असतात, वाळूचे डंपर असतात, दिवाळीनंतर धानाची पोती शिगोशीग भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. डांबराची कड तुटलेली, तिच्याखाली चार बोटं खोल साइडपट्टी, साइडपट्टीवर सुटा मुरूम. मागून हॉर्न वाजला की मुलगी खाली उतरते, ट्रक जाऊ देते, धूळ बसेपर्यंत थांबते आणि पुन्हा सायकल वर चढवते. दोघी बरोबरीने चालल्या तर येणाजाणारा प्रत्येक मोटरसायकलवाला त्यांना ओरडतो. रस्ता बांधणाऱ्या खात्याला या मुली ठाऊक नाहीत. सायकल देणाऱ्या खात्याला रस्ता ठाऊक नाही.

मी बालाघाटची. वाहतूक नियोजन शिकायला नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात गेले, तेव्हा तिथल्या सायकली बघून थक्क व्हायची माझी तयारीच होती, कारण फोटो सगळ्यांनीच पाहिलेले असतात. पावणेदोन कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशात दोन कोटींहून जास्त सायकली, एकूण प्रवासांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक सायकलवर, उट्रेख्टच्या रेल्वे स्टेशनाखाली १२,५०० सायकली ठेवायची तीन मजली जागा. हे आकडे माहीत होते. माहीत नव्हतं ते हे, की सायकल चालवणारी माणसं इतकी साधी असतील. ऐंशीच्या घरातल्या आजीबाई बाजारहाट करून निघालेल्या. समोरच्या पेटीत दोन मुलं बसवून निघालेली आई. कोट घातलेला वकील. हेल्मेट जवळपास कुणाच्याच डोक्यावर नाही आणि वेग आपल्या गवळ्याच्या सायकलीएवढा. घामाघूम होऊन कुणी व्यायाम करत नव्हतं. माणसं कामाला चालली होती. आणि शाळकरी मुली दोघी-दोघी बरोबरीने, गप्पा मारत जात होत्या. तिथला कायदा दोघांना शेजारी-शेजारी सायकल चालवू देतो. सायकलमार्गाची रुंदी ठरवतानाच एका दिशेला किमान दोन मीटर धरतात, म्हणजे दोघांना बोलत जाता यावं. गप्पांसाठी रस्त्याची रुंदी मोजणारा अभियंता मी पहिल्यांदा तिथे पाहिला.

डच मुलं प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षांत, साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी, वाहतुकीची परीक्षा देतात. एक भाग कागदावर, दुसरा खऱ्या रस्त्यावर स्वतःची सायकल चालवून. वळताना हात दाखवला का, मागे वळून पाहिलं का, चौकात कुणाला आधी जाऊ दिलं, हे ठिकठिकाणी उभी मोठी माणसं टिपून घेतात. आपल्याकडे ज्या वयात मुलीच्या हातात सायकल येते, त्याच वयात तिकडे ही परीक्षा होते. परीक्षा आपणही घेऊ शकतो. पण तिकडचं मूल ज्या रस्त्यावर ती परीक्षा देतं, तो रस्ता अकरा वर्षांच्या मुलाकडून चूक होणार हे धरूनच बांधलेला असतो. हा फरक मोठा आहे आणि तो घडायला तिथे वीस-पंचवीस वर्षांचं भांडण लागलं.

डच लोक जन्मजातच सायकलवेडे, त्यांचा देश सपाट, म्हणून त्यांना जमलं, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. पुष्कळ डच लोकही म्हणतात. इतिहास वेगळं सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये पैसा आला, मोटारी आल्या आणि १९५० ते १९७५ या काळात सायकलींचा वापर वर्षामागून वर्ष घसरत गेला. जुने चौक मोटारी उभ्या करायच्या जागा झाले. १९६७ मध्ये डेव्हिड योकिनेन नावाच्या अमेरिकन नियोजकाने ॲमस्टरडॅमसाठी असा आराखडा मांडला, की कामगारांच्या वस्त्या पाडून शहराच्या पोटात सहापदरी रस्ते घालायचे. तो आराखडा अमलात आला नाही, पण त्या काळात तो वेडगळ वाटत नव्हता, आधुनिक वाटत होता. देश तेव्हाही आजच्याइतकाच सपाट होता.

१९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर सव्वातीन हजारांच्या आसपास माणसं मेली. त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. लोकसंख्या तेव्हा सव्वा कोटीच्या वर होती, म्हणजे लाखामागे जवळपास २५ मृत्यू. भारतात २०२२ मध्ये रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. लाखामागे हा आकडा १२ च्या आसपास येतो. म्हणजे ज्यांचे रस्ते आपण आज आदर्श म्हणून बघतो, ते पन्नास वर्षांपूर्वी आपल्या आजच्या रस्त्यांपेक्षा दुपटीने जीवघेणे होते. आता तिथे लाखामागे चारपेक्षा कमी मृत्यू होतात. डेल्फ्टच्या वर्गात हे आकडे मी पहिल्यांदा शेजारी-शेजारी मांडले, त्या दिवसापासून ‘आपल्याकडे हे कसं होणार’ हे वाक्य मला पटेनासं झालं.

बदलाची सुरुवात एका बापाच्या शोकातून झाली. फिक लांगेनहॉफ हा पत्रकार. त्याची मुलगी सिमोन शाळेत जाताना मोटारीखाली गेली. १९७२ मध्ये त्याने आपल्या वर्तमानपत्रात लेख लिहिला, आणि त्याच्या मथळ्यातले शब्दच पुढे चळवळीचं नाव झाले: ‘स्टॉप द किंडरमोर्ट’, म्हणजे बालहत्या थांबवा. अपघात हा शब्द त्याने मुद्दाम टाळला होता. आईबाप रस्त्यावर उतरले. जिथे मूल मेलं तिथे रस्ता अडवून बसायचं, सायकली घेऊन रस्त्यावर मेल्यासारखं पडून राहायचं, पुढाऱ्यांच्या दारात गाणी म्हणायची. चळवळीच्या पहिल्या अध्यक्ष मार्ट्ये फान पुटेन या तेव्हा तरुण आई होत्या. ॲमस्टरडॅमच्या दाटीवाटीच्या दे पाइप वस्तीत तर मुलांनीच सह्या गोळा केल्या आणि खेळायला गल्ली मोकळी करून द्या म्हणून मोटारींची वाट अडवली. त्यावरचा १९७२ चा माहितीपट आजही विद्यार्थ्यांना दाखवतात. लाल-पिवळ्या अडसरापाशी उभी असलेली ती मुलं आणि चिडलेले मोटारवाले बघताना मला बालाघाटच्या हनुमान चौकातली संध्याकाळ आठवत राहिली.

मग १९७३ चं तेलसंकट आलं. पंतप्रधान योप डेन आउल यांच्या सरकारने ४ नोव्हेंबरपासून रविवारी मोटारी बंद ठेवल्या. दोनेक महिने, दर रविवारी, महामार्गांवर लोक सायकली आणि चाकाचे बूट घेऊन फिरले. तेल वाचवायला केलेल्या उपायाने लोकांना त्यांचेच रस्ते रिकामे कसे दिसतात ते दाखवलं. १९७५ मध्ये सायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्या शाखा गावोगाव फिरून कुठल्या वळणावर भीती वाटते, कुठला सिग्नल फार वेळ थांबवतो, याच्या याद्या करून नगरपालिकांना देऊ लागल्या. चळवळीचं हे दुसरं, कंटाळवाणं रूप मला पहिल्याहून महत्त्वाचं वाटतं. मोर्चा एक दिवस असतो. यादी पुढची तीस वर्षं चालते.

विरोध झाला, आणि तो कडवा होता. ग्रोनिंगेन हे उत्तरेकडचं विद्यापीठाचं शहर. तिथे मॅक्स फान डेन बर्ख या पंचविशी-तिशीतल्या नगरसेवकाच्या पुढाकाराने १९ सप्टेंबर १९७७ रोजी शहराच्या मध्यभागाचे चार भाग करण्यात आले. एका भागातून दुसऱ्या भागात मोटारीने थेट जायचं नाही. बाहेरच्या वळणरस्त्यावर जाऊन फिरून यायचं. पायी आणि सायकलने मात्र सरळ जायचं. खर्च म्हणावा तर पाट्या, कुंड्या आणि काही एकेरी मार्ग. दुकानदार खवळले, धंदा बुडेल म्हणाले. शहर बुडालं नाही. आज ग्रोनिंगेन जगातल्या सर्वाधिक सायकली चालणाऱ्या शहरांत गणलं जातं. बालाघाटच्या काली पुतली चौकापासून बाजारातल्या गल्ल्यांचा विचार करताना मला हे शहर वारंवार आठवतं, कारण त्याने उड्डाणपूल बांधला नाही, रस्ता रुंद केला नाही. मोटारीचा रस्ता थोडा लांब केला आणि सायकलीचा आखूड ठेवला, इतकंच.

आता रस्त्याच्या बांधणीकडे येते. डच रस्त्याची खुबी त्या प्रसिद्ध लाल डांबरात नाही. लाल रंग फक्त ओळख पटवतो. खुबी वेगाच्या हिशोबात आहे. १९९० च्या दशकात तिथे ‘शाश्वत सुरक्षितता’ नावाचं धोरण आलं. त्याचं म्हणणं असं, की प्रत्येक रस्त्याचं काम एकच असावं. लांबच्या वाहतुकीचा रस्ता, वस्त्यांना जोडणारा रस्ता आणि घरांसमोरचा रस्ता, असे तीन प्रकार. घरांसमोर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा, आणि तिथे सायकल व मोटार एकत्र चालतात, वेगळा मार्ग लागतच नाही. जिथे ५० चा वेग आहे तिथे सायकल वेगळी काढायची. कारण सरळ भौतिकशास्त्राचं आहे: धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ५० ने आलेली मोटार ३० ने आलेल्या त्याच मोटारीच्या पावणेतीन पट जोराने आदळते. मुलाचं हाड ते सोसत नाही. ॲमस्टरडॅमने डिसेंबर २०२३ मध्ये शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर ३० ची मर्यादा आणली, तीही याच हिशोबाने.

पण पाटी लावून वेग उतरत नाही, हे आपण जाणतोच. तिकडे वेग रस्त्याच्या आकाराने उतरवतात. मोठ्या रस्त्याला गल्ली मिळते तिथे पदपथ आणि सायकलमार्ग खंड न पडता सरळ पुढे जातात, आणि गल्लीत शिरणाऱ्या मोटारीला त्यांच्या उंचीवर चढून पुन्हा उतरावं लागतं. त्यामुळे आपण दुसऱ्याच्या जागेतून जातो आहोत हे चालकाला चाकाखाली कळतं. चौकाच्या चारही कोपऱ्यांवर छोटी उंच बेटं असतात. वळणारी मोटार त्या बेटाला वळसा घालताना आपोआप हळू होते आणि सायकलीसमोर येते तेव्हा जवळजवळ काटकोनात आलेली असते, म्हणून चालकाला सायकल आरशात शोधावी लागत नाही, ती समोरच्या काचेतून दिसते. आपल्याकडे ट्रक वळताना मागच्या चाकाखाली सायकलस्वार सापडतो, तो अपघात या चार बेटांनी पुष्कळसा टळतो. त्यांना लागतं थोडं काँक्रीट आणि कोपऱ्यावरची टपरी दहा फूट मागे घेण्याइतकी हिंमत.

डेल्फ्टची स्वतःची देणगीही मोठी आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या काही गल्ल्यांत रहिवासी आणि नगरपालिकेने मिळून पदपथ आणि रस्ता यांतला फरकच पुसून टाकला. झाडं, बाकं, वाळूचे हौद असे मांडले, की मोटारीला चालण्याच्या वेगानेच जावं लागे. ‘वूनेर्फ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रचनेला १९७६ मध्ये कायद्याची मान्यता मिळाली. आपल्या जुन्या वस्त्यांत बाजा टाकून बसलेली माणसं आणि खेळणारी मुलं हे काम फुकट करत होती. ती जागा आता दाराशी लागलेल्या मोटारींनी घेतली.

विद्यार्थिनी म्हणून मला सर्वांत उपयोगी पडलेला धडा मात्र एका फसलेल्या अपेक्षेचा आहे. १९७० च्या दशकात डच सरकारने हेग आणि टिल्बर्ग या शहरांत एकेक देखणा, महागडा प्रात्यक्षिक सायकलमार्ग बांधला. त्या मार्गावर सायकली वाढल्या, पण शहरात एकूण सायकल चालवणारे फारसे वाढले नाहीत. लोक शेजारच्या रस्त्यांवरून तिथे आले होते. एक मार्ग कितीही सुंदर असला तरी माणसाचं घर आणि काम दोन्ही त्याच्याच काठावर क्वचित असतं. मग डेल्फ्टने १९७९ मध्ये वेगळा आराखडा मंजूर केला: सबंध शहरावर तीन जाळी पसरायची. मोठं जाळं सुमारे ५०० मीटरच्या अंतराने, मधलं दोन-तीनशे मीटरच्या, आणि बारीक जाळं शंभरेक मीटरच्या. नवं बांधायचं थोडं. जिथे दुवा तुटला आहे तिथे पूल, बोगदा, गल्लीतून आरपार वाट. पुढे सगळ्या देशाने हाच विचार उचलला.

पुण्यात नेमकं याच्या उलट घडलं. ज्या शहराची ओळखच सायकलींचं शहर अशी होती, तिथे २००६ नंतर केंद्राच्या नागरी पुनरुत्थान अभियानाच्या पैशातून काही रस्त्यांकडेला सायकलमार्ग बांधले गेले. मार्ग चौकाच्या अलीकडे संपायचा, म्हणजे सायकलस्वाराला त्याची गरज सर्वांत जास्त असते तिथे. पुढे बसथांबा, मग विजेची पेटी, मग उभ्या गाड्या. ‘परिसर’सारख्या संस्था हे वर्षानुवर्षं दाखवून देत होत्या. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने आठशेहून अधिक किलोमीटरच्या जाळ्याचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. कागदावर तो खरोखर चांगला होता, कारण त्यात जाळ्याचा विचार होता. पण त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली आल्या, सगळं लक्ष तिकडे गेलं, आणि दोनेक वर्षांत त्या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. भोपाळनेही २०१७ मध्ये भाड्याच्या सायकली आणि त्यांच्यासाठी वेगळा मार्ग आणला होता. या प्रयोगांनी एक गोष्ट पक्की केली: आपल्या शहरांत कमी पडते आहे ती सायकल नव्हे. २०११ मध्ये देशातल्या ४५ टक्के घरांत सायकल होती.

नियमांचीही वानवा नाही. सायकलमार्ग कसा आखावा याचं भारतीय मानक इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ मध्ये काढलं, लांगेनहॉफच्या लेखाच्या दहा वर्षं आधी. २०१५ मध्ये ते सुधारून पुन्हा प्रसिद्ध झालं. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांऐवजी माणसं हलवण्याचं तत्त्व लिहून ठेवलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ प्रमाणे सदोष आखणीमुळे मृत्यू झाला, तर आखणी करणाऱ्या आणि बांधणाऱ्या संस्थेला दंड होऊ शकतो. आपल्याकडे तुटलेला दुवा हा आहे, की हे नियम आणि वारासिवनी रस्त्यावरची मुलगी यांची गाठ घालून देणं हे कुणाचंच काम नाही.

नेदरलँड्समध्येही सगळं आलबेल नाही, हे सांगायला हवं. २०२२ मध्ये तिथे २९१ सायकलस्वार मेले, मोटारीत मेलेल्यांपेक्षा जास्त. त्यांत म्हाताऱ्या माणसांचं प्रमाण मोठं होतं. विजेवरच्या सायकलीमुळे वय झालं तरी माणसं लांबवर जाऊ लागली आहेत, पण त्या जड असतात, वेगाने जातात आणि पडल्यावर म्हातारी हाडं लवकर जुळत नाहीत. जाड टायरांच्या विजेच्या सायकली पळवणारी पोरं ही तिथल्या प्रत्येक नगरपालिकेची डोकेदुखी आहे. आपल्याकडे विजेच्या दुचाकी झपाट्याने येत आहेत, तेव्हा हा वेगफरकाचा प्रश्न आपल्यालाही चुकणार नाही.

आणि ऊन. बालाघाटला मे महिन्यात दुपारी सायकल चालवा असं मी कुणाला सांगणार नाही. पण शाळा त्या दिवसांत बंद असते, आणि सकाळच्या तीन-चार किलोमीटरला उन्हापेक्षा सावली नसण्याचा त्रास जास्त होतो. आपल्या जुन्या रस्त्यांना दोन्ही बाजूंना आंबा, जांभूळ, चिंच, कडुनिंब होते. रुंदीकरणात ते सर्वांत आधी जातात, आणि जिथे ती झाडं होती नेमकी तीच सायकलमार्गाची जागा असते. झाडांची रांग आणि तिच्या आतल्या बाजूने, शेताकडे, दोन मीटरची पट्टी ठेवली तर ट्रक आणि मुलगी यांच्यात बुंधे उभे राहतात. वैनगंगेचं खोरं, म्हणजे वारासिवनी, लालबर्रा, कटंगी, किरनापूरचा पट्टा, सायकलीला पुरेसा सपाट आहे. बैहरकडे घाट लागतो, तिथे वेगळा विचार हवा. डच माणसाला चढ नाही, पण समुद्रावरून येणारा समोरचा वारा आहे, आणि तो दोन्ही वेळा समोरूनच येतो असं तिथले लोक शपथेवर सांगतात.

रस्त्याइतकाच प्रश्न रेल्वेखालच्या भुयारी वाटांचाही आहे. गोंदिया-बालाघाट-जबलपूर हा छोट्या रेल्वेचा जुना मार्ग आता मोठा झाला, गाड्या वाढल्या, फाटकांच्या जागी कमी उंचीच्या भुयारी वाटा येत आहेत. पावसात त्यांत पाणी साचतं आणि मुली रूळ ओलांडून जातात. डच अभियंते इथे एक साधी गोष्ट करतात. ट्रकला साडेचार मीटर उंची लागते, सायकलस्वाराला अडीच. म्हणून एकाच पुलाखाली सायकलची वाट वरच्या पातळीवर ठेवतात, मोटारीची खाली. सायकलला चढ कमी लागतो आणि पाणी साचलं तरी ते खालच्या भागात साचतं.

सुरुवात कुठून करायची, याचं उत्तर मला डेल्फ्टमध्ये मिळालं, आणि ते बालाघाटच्याच कागदांत होतं. वाहतूक नियोजनात पहिला आणि सर्वांत खर्चिक टप्पा असतो तो कोण कुठून कुठे जातं हे शोधण्याचा. त्यासाठी घरोघर पाहणी करावी लागते, त्यात महिने जातात. आपल्या सायकल योजनेत ही माहिती दरवर्षी आपोआप गोळा होते. सायकल मिळालेल्या प्रत्येक मुलीचं गाव नोंदलेलं असतं, शाळा नोंदलेली असते, दोहोंतलं अंतर दोन किलोमीटरपेक्षा जास्त आहे हे तपासलेलं असतं. ही यादी पात्रता ठरवायला बनते आणि वाटप झालं की फाइलीत जाते. तीच यादी नकाशावर मांडली, गावापासून शाळेपर्यंत एकेक रेघ ओढली, तर जिल्ह्याचं सायकल-जाळं तयार होतं. जिथे दहा गावांच्या रेघा एका रस्त्यावर येऊन मिळतात, तो रस्ता ठळक दिसतो. बहुतेक शाळांच्या बाबतीत तो शेवटचा दोन-तीन किलोमीटरचा तुकडा असणार, आणि तिथेच नेमका मोठा रस्ता, बाजार आणि ट्रक एकत्र येतात.

त्या तुकड्यांपुरतं काय लागेल तेही सांगता येतं. डांबरीकरणाचं अंदाजपत्रक पुढच्या वेळी बनेल तेव्हा साइडपट्टी रस्त्याच्या पातळीला आणून पक्की करायची आणि मध्ये उंच कड किंवा झाडं ठेवायची. शाळेच्या अलीकडे-पलीकडे रस्ता अरुंद आणि उंच करायचा, म्हणजे ट्रकला ३० च्या वर जाताच येणार नाही. गावातली पांदण जर शाळेकडे जात असेल तर ती पावसाळ्यात चालेल इतकी मुरमाने बांधायची. कित्येक ठिकाणी ती पक्क्या रस्त्यापेक्षा आखूड असते आणि तिच्यावर ट्रक नसतो. आणि नवीन पूल किंवा भुयारी वाट मंजूर होताना नकाशात सायकलची दोन मीटर पट्टी आहे का, हे निविदा निघण्याआधी विचारायचं, कारण काँक्रीट पडल्यावर ती पट्टी पुढची पन्नास वर्षं मिळत नाही. विचारणारे कुणीही असू शकतात: शाळा व्यवस्थापन समितीतले पालक, ग्रामसभा, नगरपालिकेचा एखादा सदस्य. लांगेनहॉफच्या देशातही पहिल्यांदा आईबापांनीच विचारलं होतं, आणि त्यांच्या हातात तर अशी यादीही नव्हती.